सिरॅमिकवाल्या ताईंचं पोर्ट्रेट: चेहरा जमला तर भांडं बिघडतं, भांडं जमलं तर चेहरा

खटक्या | बुधवार, रात्री १०.२०

मंडळी, सल्ला हवाय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

पुण्यात सध्या एका मैदानावर हस्तकला प्रदर्शन चालू आहे. बायकोला पैठणीच्या बटव्यांपाशी सोडून मी कॅमेरा गळ्यात अडकवून फिरत होतो. अगदी कोपऱ्यात सिरॅमिकचा एक स्टॉल दिसला. पन्नाशी उलटलेल्या ताई, करड्या केसांचा अंबाडा, त्यात पिनेऐवजी पेन्सिल खोचलेली. समोर स्टोनवेअरचे मग, वाडगे, कमरेइतके उंच दोन रांजण. विचारलं, "ताई, फोटो काढू का?"

"माझे की भांड्यांचे?"

"तुमचे. भांड्यांसकट."

"काढा. पण गिऱ्हाईक आलं की बाजूला व्हायचं."

ठरलं असं की मी फोटो त्यांना द्यायचे, आवडले तर त्या आपल्या कॅटलॉगमध्ये घालणार. पैशांचा व्यवहार नाही. दीड तासात १४६ फोटो काढले. घरी येऊन चाळले, नऊ ठेवले, पाठवले. स्वतःवर खूश होतो. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: "फोटो छान आलेत. पण हा वाडगा माझा नाही."

मला कळेना. फोन केला. वाडगा त्यांचाच, हातात त्यांनीच धरलेला. पण खरा वाडगा फिका हिरवट-निळसर, पाण्यात दुधाचा थेंब पडावा तसा. माझ्या फोटोत तो सायीसारखा पिवळा. मग एकेक चुका दिसायला लागल्या. तीन फोटोंत आडवे काळपट पट्टे. काळ्या चकचकीत वाडग्याच्या पोटात मी स्वतः, लाल टीशर्टात, शेजारच्या स्टॉलच्या "नाचणी पापड" या फलकासह. डोळे शार्प आहेत तिथे वाडगा धुरकट. वाडगा शार्प आहे तिथे ताईंचा चेहरा पासपोर्टच्या फोटोसारखा ताठ.

कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (म्हणजे छोट्या सेन्सरचा), २४ मेगापिक्सेल. लेन्स ५० एमएम, एफ १.८, नवीकोरी. फ्लॅश नव्हता. प्रदर्शन रविवारपर्यंत आहे आणि ताई "पुन्हा या" म्हणाल्यात, म्हणजे एक संधी आहे. काय करू?

तिरपागडा | बुधवार, रात्री १०.३१

फोटो दिसत नाहीयेत.

खटक्या | बुधवार, रात्री १०.३३

लावलेच नाहीयेत. ताईंना न विचारता कसे लावू?

तिरपागडा | बुधवार, रात्री १०.३४

म्हणजे आम्ही न बघता सल्ला द्यायचा. चालेल, या धाग्यावर नाहीतरी तेच होणार.

काळाचौकीकर | बुधवार, रात्री ११.०५

पहिल्यांदा एफ १.८ सोडा, म्हणजे लेन्सचं तोंड एवढं सताड उघडं ठेवू नका. नवी प्राइम (झूम नसलेली) लेन्स घेतली की प्रत्येकाला हा ताप चढतो, मलाही चढला होता. तुम्ही साधारण सव्वा मीटरवर उभे असणार. तिथून तुमच्या बॉडीवर ५० एमएम, एफ १.८ ला जेमतेम चार सेंटिमीटर खोली शार्प मिळते. डोळ्यावर फोकस धरला तर कान गेला. वाडगा तर चेहऱ्याच्या फूटभर पुढे, तो कुठून येणार? अडीच मीटरवर जा, एफ ४ करा, खोली ३५-४० सेंटिमीटरच्या घरात जाते. फ्रेममध्ये आजूबाजूचं जास्त येईल, ते नंतर कापा. २४ मेगापिक्सेल कशाला आहेत?

पट्ट्यांचं कारण एलईडी. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलात तर पूर्ण आवर्तनं पकडली जातात आणि पट्टे जातात. आणि तो बिनआवाजाचा इलेक्ट्रॉनिक शटर लावला होतात का? असल्या दिव्यांखाली तो हमखास दगा देतो.

रंगाचं काय झालं ते न बघता सांगतो. मांडवाचं कापड पिवळं किंवा भगवं असणार.

खटक्या | बुधवार, रात्री ११.१२

पिवळं. कडेला लाल झालर. आणि हो, सायलेंट मोडच होता, ताईंना त्रास नको म्हणून. तुम्ही मांडवात होतात की काय!

काळाचौकीकर | बुधवार, रात्री ११.२६

सगळे मांडव सारखेच. वरून कापडातून गाळलेलं पिवळं ऊन, स्टॉलच्या आडव्या दांडीला निळसर एलईडी, उघड्या बाजूने खरा उजेड. एका चेहऱ्यावर तीन रंग. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याची रंग सुधारायची सेटिंग, एकाच उजेडाला सरळ करतो, मग उरलेले दोन वाकडे होतात. त्यामुळे आधी उजेडांचे प्रकार कमी करा, सेटिंग नंतर. दांडीवरचा दिवा त्यांच्या परवानगीने पाच मिनिटं बंद करा, ताईंना मांडवाच्या कडेला आणा, पिवळ्या कापडाखालून निघतील एवढं पुरे. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा. पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड, म्हणजे रंग जुळवायचा करडा पुठ्ठा, धरा.

चकाकीसाठी पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिरता फिल्टर, लावा. दीड-दोन स्टॉप, म्हणजे निम्म्याहून जास्त, उजेड खाईल, पण वाडग्यावरची तिरपी चकाकी कमी होईल. समोरून दिसणारा तुमचा लाल टीशर्ट मात्र त्याने जाणार नाही.

ओलीमाती | गुरुवार, सकाळी ७.४०

मी नाशिकला छोटा स्टुडिओ चालवते, बारा वर्षं झाली. त्या ताईंच्या बाजूने दोन शब्द.

"हा वाडगा माझा नाही" हे त्या रागाने म्हणाल्या नसतील, पण त्यांच्या पोटात काय झालं असेल ते मला कळतं. तुम्ही वर्णन केलंत ते सेलाडॉन ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप. त्यातला रंग लोहाचा असतो, ग्लेझमध्ये टक्का-दीड टक्का आयर्न ऑक्साइड, फार तर दोन. भट्टी हजार अंशांच्या आसपास गेली की आम्ही हवा कोंडतो, ज्योत धुरकट ठेवतो. त्याला रिडक्शन म्हणतात. मग तेच लोह हिरवट-निळसर होतं. तिथून पुढे १२८०-१३०० अंशांपर्यंत, तासन्‌तास, डॅम्परवर, म्हणजे धुराड्याच्या झडपेवर, हात ठेवून बसायचं. हवा जास्त शिरली तर हेच ग्लेझ पिवळट निघतं, मधाच्या वळणावर. आता तुमचा फोटो आठवा. तुम्हाला तो "जरा वॉर्म टोन" वाटला असेल. दुसऱ्या कुंभाराने पाहिला तर तो म्हणेल, हिची भट्टी फसली.

बाईने दिवसभर रिडक्शन केलं आणि तुम्ही १/३२० सेकंदात ऑक्सिडेशन करून टाकलंत!

आणखी एक. त्यांना वाडगा कसा धरायला लावला होतात?

खटक्या | गुरुवार, सकाळी ९.०२

हे वाचून बायको हसतेय. रिडक्शन-ऑक्सिडेशन हे दहावीनंतर पहिल्यांदाच घरात ऐकू आलं.

वाडगा... दोन्ही हातांनी कडेला धरून, गालाजवळ. आणि आता कबूल करूनच टाकतो. मी त्यांना म्हटलं होतं की हाताला थोडी ओली माती लावली तर "फील" येईल.

ओलीमाती | गुरुवार, सकाळी ९.१०

अरे देवा. लावली त्यांनी?

खटक्या | गुरुवार, सकाळी ९.११

नाही. म्हणाल्या, "इथे नळ कुठाय?"

ओलीमाती | गुरुवार, सकाळी ९.३०

शहाण्या आहेत. प्रदर्शनात आम्ही विक्रेत्या असतो हो. हात कागदाच्या बोळ्यांनी आणि चिकटपट्टीने भरलेले असतात. दिवसभर काय करतो आम्ही? भांडी वर्तमानपत्रात गुंडाळतो, सोडवतो, सुट्टे शोधतो, "हे मायक्रोवेव्हमध्ये चालतं का" याचं दोनशेवं उत्तर देतो. माती लावून फोटो काढायचा तर स्टुडिओत या, तिथे कोपरापर्यंत चिखल फुकट मिळेल.

कडेने कुणी कुंभार भांडं धरत नाही. बुडाखाली एक हात, पोटाला दुसरा. भांडं हातात आलं की आम्ही आधी ते उलटं करतो. बूड कसं तासलंय, ग्लेझ कुठे थांबवलंय, शिक्का कुणाचा, सगळं तिथे कळतं. तुमच्या ताई दुसऱ्याचं भांडं बघत असतील तेव्हा नजर ठेवा. वाडगा डोक्यावर धरल्यासारखा उलटा आणि नजर बुडाशी. तसा चेहरा "हसा" म्हणून येत नाही.

आणि काळाचौकीकर, पोलरायझर पूर्ण फिरवू नका म्हणावं. ग्लेझ म्हणजे काच. तिची चकाकी सगळी काढून घेतली तर भांडं प्लास्टिकचं दिसतं. टेनमोकूसारख्या काळ्या ग्लेझला तर कडेवरची ती एक पांढरी रेघ हवीच, तिथेच ग्लेझ पातळ होऊन तपकिरी झालेलं दिसतं.

काळाचौकीकर | गुरुवार, सकाळी १०.१५

मान्य, पण अर्धंच. चकाकी हवी, पापडाचा फलक नको. पोलरायझर निम्मा फिरवून थांबायचं. शिवाय काळा किंवा करडा शर्ट घाला आणि खिडकीएवढा एकच उजेड ठेवा. चकाकी तेवढ्या जागेचीच पडेल, एक सरळ पट्टी. वाडग्याच्या गोलाईवर ती वाकते तेव्हा आकार आपोआप कळतो. चिंध्या दिसतात त्या पाच दिव्यांमुळे.

तिरपागडा | गुरुवार, सकाळी १०.२०

म्हणजे नियम असा: लाल टीशर्ट घालून रांजणासमोर उभं राहू नये.

तांबडापांढरा | गुरुवार, दुपारी १.४५

आमचं घर कोल्हापूरच्या कुंभार गल्लीतलं. आजोबांच्या वेळी चाक हुतं, आता फक्त गणपती. त्यामुळं फोटोवाल्यांचा अनुभव लई जुना.

दरवर्षी श्रावणात यायला लागत्यात. आठ-दहा जणांचा घोळका, गळ्यात तोफा. गल्लीत तरणी पोरं पण काम करत्यात, सांचा काढत्यात, स्प्रे मारत्यात. त्यांच्याकडं कोण बघत न्हाई. ह्यांना पाहिजे आमचा आजोबा. कारण सुरकुत्या. "आजोबा इकडं बघा, आजोबा चष्मा काढा, आजोबा डोळ्याचं काम परत करून दाखवा." आता डोळ्याची आखणी एकदा हुती, ती परत कशी करायची? म्हातारा ब्रश धरून हवेत हात हलवायचा बिचारा. जाताना सगळे म्हणायचे फोटो पाठवतो. आजोबा जाऊन सहा वर्षं झाली, घरात त्यांचा एक पण चांगला फोटो न्हाई. हारासाठी आधार कार्डावरचा मोठा करून लावलाय.

तेव्हा खटक्या भाऊ, तुम्ही फोटो पाठवलासा ह्यातच निम्मं काम झालं. वाडगा पिवळा का असंना.

खटक्या | गुरुवार, दुपारी २.०८

दादा, काय बोलू. गेल्या दहा वर्षांत मीही "पाठवतो" म्हणून न पाठवलेले फोटो आहेत. आज रात्री हार्ड डिस्क उघडतो.

राणीबाग | गुरुवार, दुपारी ३.५०

तांबडापांढरा यांच्या प्रतिसादावरून थोडं अवांतर. भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयात बॉम्बे स्कूल ऑफ आर्टची, म्हणजे आपल्या जे.जे.ची, एकोणिसाव्या शतकातली भांडी आहेत. जॉर्ज टेरी नावाच्या साहेबाने तिथे कुंभारकाम सुरू केलं आणि अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून नक्ष्या उतरवून घेतल्या. निळी, हिरवी, तपकिरी सुरेख भांडी. मी दर वेळी काचेला नाक लावून बघतो आणि दर वेळी तोच विचार येतो, चाकावर बसलेला माणूस दिसायला कसा होता?

त्याच संस्थेत १८६५ ते १८७५ लॉकवूड किपलिंग शिकवत होते, 'जंगल बुक'वाल्या रुडयार्डचे वडील. त्यांनी उत्तरेत फिरून कारागिरांची काम करतानाची चित्रं काढली. त्यांतली बहुतेक माणसं चित्रकाराकडे बघत नाहीत. नजर हातातल्या कामावर. कॅमेरेवाल्यांनी ती एकदा डोळ्यांखालून घालावीत. माणसाला "इकडे बघा" म्हणायची आपली सवय किती अलीकडची आणि किती आगाऊ आहे ते कळतं.

तिरपागडा | गुरुवार, दुपारी ४.००

आणि गोरोबाकाका? त्यांच्या काळात कॅमेरा असता तर एकच फोटो पुरला असता. सगळे संत रांगेत बसलेत, काका थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर वाजवून बघतायत आणि नामदेव "मलाच का?" अशा चेहऱ्याने.

तांबडापांढरा | गुरुवार, दुपारी ४.२०

"कच्चं मडकं" म्हटल्यावरचा चेहरा! एक नंबर झाला असता.

वकीलीणबाई | गुरुवार, संध्याकाळी ६.३०

रसभंग करते, पण कॅटलॉगचा विषय निघालाय म्हणून.

कॉपीराइट कायदा, १९५७, कलम ५२ मध्ये शिल्पाचा किंवा कलात्मक कारागिरीच्या वस्तूचा फोटो काढायला सूट आहे. पण ती वस्तू सार्वजनिक जागी कायमची असेल तरच. चौकातला पुतळा यात बसतो, चार दिवसांच्या स्टॉलवरचा वाडगा बसत नाही. म्हणजे ताईंच्या एखाद्या खास कलाकृतीचा फोटो तुम्ही उद्या कॅलेंडरवर छापून विकायला काढलात तर त्यांची परवानगी लागेल, आणि ती लेखी असलेली बरी.

उलट बाजूही सांगते. फोटोचा हक्क सर्वसाधारणपणे काढणाऱ्याचा. पण कुणी पैसे देऊन सांगून काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा. इथे पैसे नाहीत, म्हणून फोटो तुमचे. त्या कॅटलॉगमध्ये कुठे, किती काळ, नावासकट की नावाशिवाय, हे दोन ओळींत मेसेजवर लिहून घ्या. भांडण कुणालाच नको असतं, म्हणूनच ते आधी लिहायचं.

ओलीमाती | गुरुवार, संध्याकाळी ६.५२

वकीलीणबाई, धन्यवाद. माझ्या एका मोठ्या कलशाचा फोटो एका लग्नपत्रिकेवर सापडला होता. नवरा-नवरी दोघंही अनोळखी. अक्षता टाकायला तरी बोलवायचं.

पापडाचा_स्टॉल | गुरुवार, रात्री ९.१५

तो नाचणी पापडाचा फलक माझा नव्हे, पण असू शकला असता! बचत गटाचा स्टॉल लावते, सहा वर्षं. फोटोवाल्यांना एकच सांगणं: बोहनी होऊ द्या. सकाळी पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी कॅमेरा घेऊन समोर उभे राहिलात की आमच्या पोटात गोळा येतो. संध्याकाळी पाच ते आठ तर बिलकूल नको. तुम्ही तिपाई मांडता, लोकांना वाटतं आत शूटिंग चाललंय, ते लांबूनच पुढे सरकतात. स्टॉलचं भाडं आम्ही भरलेलं असतं हो.

चांगली वेळ दुपारी दोन ते साडेतीन. गर्दी नाही, डबे खाऊन झालेले, आम्ही गप्पा मारायला मोकळ्या. आणि काहीतरी विकत घ्या. शंभराचं का होईना.

काळाचौकीकर | गुरुवार, रात्री ९.४०

दुपारी दोनचं ऊन डोक्यावर असतं, पण मांडवाच्या कडेला सावलीत तोच उजेड जमिनीवरून उसळून खालून मऊ येतो. फिकट फरशी किंवा वाळू असेल तर उत्तमच. हिरवं कार्पेट असेल तर मात्र हनुवटी हिरवी होईल, बघून घ्या.

तोचिगीतून | शुक्रवार, पहाटे ४.५०

इथे जपानात माशिको आमच्या घरापासून तासाभरावर. वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, तिथे भांड्यांचा बाजार भरतो. विख्यात कुंभार शोजी हमादा यांचं गाव. मी दर वेळी जातो आणि दर वेळी एक वाटी जास्त आणून बोलणी खातो.

मी आता कलाकाराला पोज देऊ नका म्हणतो आणि त्यांच्या हातात वस्तू देतो. म्हणजे मीच एक वाटी उचलतो, विचारतो, "ही इथे अशी का वाकलीय?" आणि त्यांच्या हातात देतो. उत्तर देताना माणूस वाटीकडे बघतो, अंगठा आपोआप त्या वाकलेल्या जागी जातो. जपानी मला अजून अर्धवटच समजतं, त्यामुळे उत्तरं लांबतात आणि फोटोला वेळ मिळतो.

खटक्या | शुक्रवार, सकाळी ८.१०

सगळ्यांचे आभार. काळा शर्ट इस्त्रीला दिलाय. ग्रे कार्ड मित्राकडून घेतलं. रविवारी दुपारी दोनला जातो.

खटक्या | रविवार, रात्री ११.३५

आलो. दमलोय, पण झोपायच्या आधी लिहितो.

आधी एक बॉक्स पेढे आणि बायको, दोन्ही घेऊन गेलो. ताईंना सेलाडॉनचं, भट्टी फसल्यासारखं दिसण्याचं बोललो. त्या जरा थांबल्या, मग म्हणाल्या, "हे कुणी सांगितलं तुम्हाला?" या धाग्याबद्दल सांगितलं. (ओलीमाती, तुम्हाला नमस्कार सांगितलाय. त्यांनी पाँडिचेरीला गोल्डन ब्रिज पॉटरीत काम शिकलंय, ज्येष्ठ कुंभार निर्मला पटवर्धनांच्या ग्लेझांबद्दल त्या अर्धा तास बोलू शकतात आणि बोलल्या.) मग टेबलाखालच्या पेटीतून त्यांनी एक टेस्ट टाइल काढली. अंगठ्याएवढा तुकडा, वर भोक, मागे लोखंडी रंगाने आकडा लिहिलेला. त्याच वाडग्याचं तेच ग्लेझ. म्हणाल्या, "हा घरी न्या. संगणकावर फोटो उघडलात की खिडकीत धरून बघा. जुळलं की पाठवा. तुकडा परत आणून द्या, एकच आहे."

ग्रे कार्ड पिशवीतच राहिलं असं नाही, तेही वापरलं. पण खरं काम त्या तुकड्याने केलं.

दांडीवरचा दिवा बंद केला. स्टूल मांडवाच्या उघड्या कडेला आणलं. खाली मातीच होती, हिरवं कार्पेट नाही. पाठीमागे शेजारच्यांनी त्यांची गडद निळी सतरंजी टांगू दिली. पेट्यांमधला थर्माकोल उजेड परतवायला सावलीच्या बाजूला बायकोने धरला, पंधरा मिनिटं, आणि त्या पंधरा मिनिटांची आठवण मला पुढची पंधरा वर्षं राहणार आहे. एफ ४, १/१००, आयएसओ ६४०. पट्टे नाहीत. लाल टीशर्ट नाही.

तरीही पहिले चाळीसेक फोटो तसेच. रंग बरोबर, उजेड सुंदर, ताई ताठ. वाकलेल्या वाटीचा प्रयोग केला. त्या म्हणाल्या, "ती वाकलेली नाही, तुम्ही तिरके उभे आहात."

तेवढ्यात एक आजी आल्या. नऊवारी, हातात कापडी पिशवी. सहा मग हवे होते, नातसुनेला द्यायला. पहिला मग उचलला आणि म्हणाल्या, "वाजवून बघू का गं? माठ घेताना बघतो तसा?" ताई म्हणाल्या, "मीच वाजवून देते." मग त्यांनी एकेक मग डाव्या तळव्यावर ठेवला आणि मधल्या बोटाच्या नखाने टिचकी मारली. मान एका बाजूला झुकलेली, डोळे अर्धे मिटलेले, कान मगाजवळ. टण्ण. बाजूला. टण्ण. बाजूला. समोर आजी, त्यांचीही मान तश्शीच झुकलेली. चौथा मग थड वाजला. मलासुद्धा ऐकू आलं. ताईंनी तो पुन्हा वाजवला, कपाळाला एक बारीक आठी पडली, आणि काही न बोलता मग टेबलाखाली ठेवला. पाचवा घेतला.

मी काय करत होतो? सहा फोटो काढले. फक्त सहा. गिऱ्हाईक आलं की बाजूला व्हायचं असं ठरलं होतं म्हणून मी दोन पावलं मागे, जवळजवळ तीन मीटरवर होतो. त्यामुळे मग, बोट, कान, पेन्सिल, सगळं शार्प.

ओलीमाती | रविवार, रात्री ११.५०

थड वाजला की आठी पडतेच. कुठेतरी केसाएवढी चीर असते. माझ्या अंगावर काटा आला वाचताना, माझा एक आख्खा डिनर सेट असा "थड" गेलाय.

रंग जुळला का?

खटक्या | सोमवार, सकाळी ७.१५

सकाळच्या उजेडात खिडकीत तुकडा धरला, शेजारी स्क्रीन. पहिल्यांदा थोडा जास्तच निळा झाला होता, मागे आणला. आता जुळतोय. बायकोला तीन वेळा विचारलं, तिसऱ्यांदा ती म्हणाली, "तुकडा दे, मी ऑफिसला नेते."

काळाचौकीकर | सोमवार, सकाळी ८.००

स्क्रीनचा ब्राइटनेस कमी करून एकदा बघा, आणि रात्रीचा नाइट मोड बंद आहे ना? नाहीतर पुन्हा ऑक्सिडेशन.

खटक्या | सोमवार, सकाळी ८.०४

बंद होता. नशीब!

वकीलीणबाई | सोमवार, सकाळी ९.३०

लेखी घेतलंत का?

खटक्या | सोमवार, सकाळी ९.४१

घेतलं. मेसेजवर, तीन ओळी. त्यांनी वर लिहिलंय, "आजींचा चेहरा ओळखू येईल असा छापू नये, त्यांना विचारलेलं नाही." ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सहापैकी दोनच फोटोंत आजी पाठमोऱ्या आहेत, ते दोन पाठवले.

तांबडापांढरा | सोमवार, दुपारी १.३०

आणि हार्ड डिस्क?

खटक्या | सोमवार, दुपारी १.५२

उघडली. साताऱ्याकडच्या एका चांभारकाकांचे २०१९ मधले फोटो सापडले. पत्ता नाही, दुकान कुठल्या पारापाशी होतं तेवढं आठवतंय. प्रिंट काढायला टाकलेत, पुढच्या महिन्यात त्या बाजूला जाणं आहे.

खटक्या | मंगळवार, रात्री ८.४५

ताईंचा फोन आला. कान लावलेला फोटो कॅटलॉगच्या पहिल्या पानावर घेतायत. रंगाबद्दल म्हणाल्या, "हो, हा माझा." मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो.

मग म्हणाल्या, "तुम्ही फोटो खूप मोठा पाठवलात, मी झूम करत बसले. मागच्या फळीवर डावीकडून तिसरा मग आहे ना, तपकिरी, त्याच्या कानाच्या जोडापाशी मला चीर दिसतेय. तो रविवारी विकला गेला. कुणी नेला ते काही आठवेना."

मी फोटो उघडला. डावीकडून तिसरा. तपकिरी. कानापाशी खरंच बारीक रेघ आहे. आणि तो मग या क्षणी माझ्या हातात आहे, त्यात चहा आहे. पापडाचा_स्टॉल यांनी काहीतरी विकत घ्या म्हटलं होतं म्हणून बायकोने घेतला होता. ताई म्हणतात बदलून देते, बायको म्हणते हाच राहू दे, आकार आवडलाय, पेनं ठेवू.

तिरपागडा | मंगळवार, रात्री ८.४९

वाजवून नव्हता ना घेतलात?